टीम कुणाची, भाऊ?

डिसेंबर २०२५ चा शेवटचा आठवडा आम्हा पनवेलकरांसाठी एकदम सॉलिड होता. २५ तारखेला नवी मुंबई विमानतळावरून पहिली विमानं उडाली. इतकी वर्षं ‘होणार, होणार’ ऐकून कान किटले होते, त्यामुळे जो तो गच्चीत जाऊन मोबाइल वर धरून उभा! आमच्या बिल्डिंगचा ग्रुप तर दिवसभर विमानमय झाला होता.

आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या एका दोस्ताचा मेसेज आला. एकच ओळ. ‘सिटीवाले गेले रे.’

क्षणभर मला वाटलं, कुणीतरी खरंच गेलं. मग ट्यूब पेटली. मँचेस्टर सिटी ज्यांची आहे, त्या सिटी फुटबॉल ग्रुपने आपल्या मुंबई सिटी एफसीमधला हिस्सा सोडला होता. २०१९ मध्ये त्यांनी ६५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा याच दोस्ताने आख्ख्या डब्याला पेढे वाटले होते. डबा म्हणजे टिफिन नव्हे, पनवेल-अंधेरी लोकलचा डबा. आता ते गेले आणि टीम पुन्हा मूळ मालकांकडे आली. त्यात देशातली सगळ्यात मोठी लीग, आयएसएल, त्या सीझनला वेळेवर सुरूच झाली नव्हती. लीग चालवण्याच्या कराराचा घोळ सुटत नव्हता. सप्टेंबर गेला, दिवाळी गेली, नाताळ आला. मैदानात बॉल नाही.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं? मालक बदलतात, शेअर विकले जातात. ऑफिसात आपणही हेच बघतो की. बरोबर आहे. पण माझ्या या दोस्ताचं कपाट बघितलंत तर तुम्हाला कळेल. त्यात तीन जर्सी आहेत. एक लाल, एक पिवळी, एक निळी. पहिल्या दोन टीम आज अस्तित्वात नाहीत.

लाल जर्सी महिंद्रा युनायटेडची. त्याचा मामा कांदिवलीच्या कारखान्यात होता, त्याने आणून दिलेली. ही कंपनीची टीम, १९६२ पासूनची. लोक त्यांना ‘जीपमेन’ म्हणायचे. कूपरेजच्या स्टँडमध्ये बसून शेंगा खात मॅच बघायची, हा त्यांचा मामा-भाच्याचा रविवारचा टाइमपास. आणि टीम काय साधी होती? तीनदा ड्युरँड कप, दोनदा फेडरेशन कप आणि २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग! कोच डेरिक परेरा, पुढे बरेटो आणि याकुबू. कोलकाता आणि गोव्याच्या बड्या टीमना मागे टाकून मुंबईची टीम देशात पहिली आली होती. आज कुणाला सांगितलं तर लोक आधी गूगल करतात.

२०१० मध्ये कंपनीने टीम बंद केली. हरली म्हणून नाही, पैसे संपले म्हणूनही नाही. यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर लक्ष द्यायचं, असं धोरण ठरलं. धोरण वाईट नव्हतं. कागदावर तर छानच दिसतं. पण स्टँडमध्ये शेंगा खाणाऱ्या माणसाला त्या कागदावर सही करायला कुणी बोलावलं नव्हतं.

मग पिवळी. मुंबई एफसी, २००७ ची. हिला मोठा कप कधी मिळाला नाही. हिचं काम एकच, आय-लीगमध्ये टिकून राहणं. दरवर्षी वाटायचं की आता खाली जाणार, आणि दरवर्षी कशीबशी वाचायची. कूपरेजचं नूतनीकरण चाललं होतं तेव्हाची गंमत तर ऐका. मुंबईची टीम, आणि काही सीझन होम ग्राउंड पुण्यातलं बालेवाडी! घरच्या मॅचसाठी घाट चढून जाणारे फॅन्स मी आणखी कुठल्या खेळात पाहिले नाहीत. आम्हा पनवेलवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं. एक्सप्रेस-वे आमच्या दारातच सुरू होतो.

या टीमचा कोच होता खालिद जमील. महिंद्रामध्ये खेळलेला, एअर इंडियात खेळलेला, मग मुंबई एफसीत खेळून तिथेच कोच झालेला. म्हणजे मुंबईच्या फुटबॉलचं चालतंबोलतं रेशनकार्डच. २०१६ मध्ये क्लबने त्याला जाऊ दिलं. तो गेला मिझोरामच्या ऐझॉलकडे, आणि २०१६-१७ ची आय-लीग त्याने त्या छोट्याशा टीमला जिंकून दिली. आणि त्याच सीझनला मुंबई एफसी तळाला जाऊन लीगबाहेर पडली! सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू, काहीतरी काय. पुढे तीही टीम गुंडाळली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताचा कोच झाला, तेव्हा दोस्ताने पिवळी जर्सी घालून फोटो टाकला होता. ऑफिसमधल्या मुलांनी विचारलं, ‘चेन्नई सुपर किंग्ज का?’

पुण्याचंही काही वेगळं नाही. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरी आली आणि २०१५ मध्ये बंद झाली. आयएसएलमधली एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेली, तिची जागा हैदराबादने घेतली. २०२५ मध्ये तीच हैदराबादची टीम उठून दिल्लीला गेली. सरकारी नोकरीतही इतक्या बदल्या होत नाहीत.

या पार्श्वभूमीवर निळी जर्सी बघा. ती घ्यायचीच नाही, असं दोस्ताने ठरवलं होतं. दोनदा तोंड पोळलं होतं. पण २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली आणि मुंबई सिटीचं होम ग्राउंड निघालं नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम! पनवेलहून लोकलने सहावं स्टेशन. आता दारात आलेल्या टीमला नाही कसं म्हणणार? १८ ऑक्टोबर, शनिवार, दिवाळी चार-पाच दिवसांवर. पुण्याविरुद्ध ५-०. आंद्रे मोरिट्झची हॅट-ट्रिक, आयएसएलमधली पहिलीवहिली. परतीच्या लोकलमध्ये खारघर येईपर्यंत आम्ही ओरडत होतो. मानसरोवरला एका काकूंनी दम दिला तेव्हा गप्प बसलो.

२०१६ मध्ये टीम अंधेरीला गेली. खरं सांगायचं तर फुटबॉलसाठी ते बरंच झालं. डी. वाय. पाटील म्हणजे क्रिकेटचं गोल स्टेडियम, पन्नास हजारांवर माणसं मावतील एवढं. त्यात आठ-दहा हजार लोक म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये बारशाची गर्दी. अंधेरीचं छोटं, कोंबून भरलेलं. तिथे वेस्ट ब्लॉक ब्ल्यूज नावाचा फॅन्सचा ग्रुप ढोल बडवत, गाणी म्हणत आख्खी मॅच उभ्याने बघतो. पण आमच्यासाठी हिशोब बदलला. पनवेलहून अंधेरी, मग मेट्रोने आझादनगर. जाताना ठीक आहे, पण मॅच संपल्यावर? शेवटच्या दहा मिनिटांत आमचा एक डोळा स्कोअरबोर्डवर आणि एक घड्याळावर. इंज्युरी टाइम किती, यावर वडाळ्याला पनवेल गाडी मिळणार की नाही ते ठरतं. टाउनात राहणाऱ्यांना हे सुख कळायचं नाही.

आणि गंमत बघा, एवढं करून सगळ्यात मोठा दिवस आला तेव्हा स्टेडियममध्ये कुणालाच जाता आलं नाही. १३ मार्च २०२१, गोव्यातलं फातोर्डा, कोविडमुळे स्टँड रिकामे. मोहन बागानविरुद्ध फायनल १-१, नव्वदावं मिनिट, आणि बिपिन सिंगचा गोल. मी माझ्या हॉलमध्ये उडी मारली, दोस्ताने त्याच्या हॉलमध्ये. मध्ये सहा इमारती. खिडकीतून त्याची आरोळी ऐकू आली असं मी अजून सांगतो, तो म्हणतो, थापा मारू नकोस. लीगमध्ये पहिल्या येणाऱ्या टीमची शिल्ड त्याआधीच मिळालेली होती, म्हणजे एका सीझनला दोन्ही. नंतर २०२३ मध्ये पुन्हा शिल्ड, ४ मे २०२४ ला पुन्हा कप, तोही कोलकात्यात जाऊन, मोहन बागानलाच ३-१ ने हरवून.

मग आली ती अल-हिलालची रात्र. ६ नोव्हेंबर २०२३, सोमवार. आशियाच्या चॅम्पियन्स लीगची मॅच, आणि पुन्हा आमचं नेरूळ. नेमार येणार म्हणून निम्म्या नवी मुंबईने तिकिटं काढलेली. आणि ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना नेमारचा गुडघा गेला! माझ्या शेजारी बसलेला मुलगा नेमारची जर्सी घालून आलेला, चेहरा असा की एटीएममध्ये कार्ड अडकलंय. आपण ०-२ हरलो. पण एका कोपऱ्यातून निळ्या जर्सीवाल्यांचे ढोल शेवटपर्यंत थांबले नाहीत. सत्तराव्या मिनिटाच्या आसपास तो नेमारवाला मुलगाही टाळ्या वाजवायला लागला.

हे सगळं मी आमच्या ऑफिसमधल्या एका कोल्हापूरकराला सांगितलं. तो राहतो कामोठ्यात, पण सीझनमध्ये शुक्रवारी रात्री कळंबोलीला गाडी पकडून गावी पळतो, फक्त मॅचसाठी. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘तुमची टीम म्हणजे भाड्याचा फ्लॅट हाय. मालक कधी बी खाली करा म्हणतोय.’

लागलं मला. पण त्याचं बरोबर आहे. कोल्हापुरात टीम म्हणजे तालीम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. पेठेतली पोरं खेळतात, पेठ वर्गणी काढते, आणि शाहू स्टेडियमवर दोन पेठांची मॅच असली की गावात दुसरा विषय नसतो. तिथे राडेही होतात, ते काही मी लपवत नाही. पण पाटाकडील तालीम बंद करायचं कुठल्या बोर्डरूममध्ये ठरवणार? बोर्डरूमच नाही.

आता कोल्हापूर सोडून एकदम पोलंडला चला. माझा एक मित्र क्राकोला ऑनसाइट होता. तिथे विस्वा क्राको नावाचा क्लब आहे, १९०६ चा. २०१८ च्या शेवटी तो पार बुडायला आला होता. फॅन्समध्ये घुसलेल्या गुंडांच्या टोळीने तो आतून पोखरला होता. मग एक परदेशी ‘गुंतवणूकदार’ उगवला, मी कोट्यवधी देतो म्हणाला, आणि पैसे काही आलेच नाहीत. (हा प्रकार कुठल्याही देशात सेमच असतो, नाही?) तेव्हा कुबा ब्वाश्चिकोव्स्की पुढे आला. पोलंडचा माजी कॅप्टन, बोरुसिया डॉर्टमुंडकडून खेळलेला, आणि त्याआधी याच विस्वाचा. त्याने आणि आणखी दोघांनी मिळून क्लबला चाळीस लाख झ्लॉटी उसने दिले, आणि तो स्वतः नाममात्र पगारावर खेळायला उतरला. क्लबने फॅन्ससाठी शेअर काढले, तेही चाळीस लाखांचे. साधारण एका दिवसात संपले! मित्राच्या ऑफिसातल्या रिसेप्शनिस्टने तो शेअर फ्रेम करून टेबलावर ठेवला होता म्हणे. २०२२ मध्ये क्लब खालच्या लीगमध्ये घसरला, तरी २ मे २०२४ ला पोलंडचा कप त्यांनीच जिंकला. आपण कोलकात्यात जिंकलो त्याच्या दोनच दिवस आधी.

मी हे दोस्ताला मोठ्या उत्साहाने सांगितलं. म्हटलं, आपणही असं काहीतरी करूया, वर्गणी काढूया, शेअर मागूया. तो हसला. ‘कुणाकडे मागणार? आणि विसरू नकोस, ते दोन्ही कप कुणाच्या पैशातून आले ते.’ हेही खरंच. अबू धाबीचा पैसा, मँचेस्टरची सिस्टिम, त्यातून आलेले कोच आणि प्लेयर, हे नसतं तर फातोर्डाची ती रात्र आली असती का? माझ्या मते नसती आली. वर्गणीवर तालीम चालते, आशियाची चॅम्पियन्स लीग नाही. फक्त एवढंच की पैसा घालणाऱ्याला बाहेर पडायचं दार असतं. बारा वर्षं ढोल वाजवणाऱ्याने कुठल्या दाराने जायचं? एखाद्या क्लबने निदान चार-दोन टक्के फॅन्सच्या नावावर ठेवावेत, टीम विकायची किंवा बंद करायची झाली तर आधी त्यांच्यापुढे उभं राहून सांगावं. एवढी अपेक्षा मला तरी जास्त वाटत नाही. आमची सोसायटी पार्किंगचे पट्टे मारायलासुद्धा जनरल बॉडी बोलावते.

त्या शनिवारी आम्ही स्टेशनजवळ चहाला भेटलो. डोक्यावरून एक विमान गेलं, टपरीवरचे सगळे वर बघायला लागले. दोस्ताबरोबर त्याची आठ वर्षांची मुलगी होती. तिला लाल जर्सी कशाची ते माहीत नाही, पिवळी ती घरात झोपताना घालते. निळी मात्र तिची स्वतःची आहे. अंधेरीच्या स्टेडियमबाहेर तिने ती हट्टाने घ्यायला लावली होती.

‘हिला जर्सी तोकडी व्हायला लागलीय,’ तो म्हणाला. ‘नवी घ्यावी लागणार. काय करू, थांबू का थोडं? काय होतंय ते बघून...’

मुलगी दोघांकडे बघत होती.

‘घे,’ मी म्हटलं. ‘एक साइज मोठी घे.’