पेढीवरचा पाहुणा आणि वाय-फाय

खामगावच्या कापूस-चांदीच्या बाजारपेठेत पेढीवर आलेल्यास आधी पाणी विचारण्याची रीत आहे. अलीकडे पेला रिकामा होण्याआधीच प्रश्न येतो, "सेठजी, वाय-फायचा पासवर्ड?" मुनीमजी तो सांगूनही टाकतात. त्याच जोडणीवर जमाखर्चाचा संगणक, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांची पेटी चालते, हे त्या क्षणी कोणाच्या ध्यानी येत नाही.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना धमकीचा ई-मेल गेला होता. तपास येऊन थांबला तो नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरापाशी. तेथील परदेशी गृहस्थाच्या वाय-फायचा परस्पर वापर झाला होता. चौकशीला मात्र त्यालाच तोंड द्यावे लागले. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याचे एक महाविद्यालय आणि चेंबूरची एक कंपनी यांच्यावरही तीच वेळ आली.

पाहुण्याला विन्मुख पाठविण्याचे कारण नाही. बहुतेक नव्या राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क'ची सोय असते. ती सुरू केली की निराळ्या नावाचे वाय-फाय दिसू लागते. इंटरनेट मिळते, पण पेढीच्या संगणकाची वाट बंद राहते. बैठक ओसरीवर, तिजोरीच्या खोलीला कडी. सेटिंगमध्ये पाहुण्यांना स्थानिक जाळ्यात प्रवेश देणारा पर्याय असतो, तो मात्र बंदच हवा. काही ठिकाणी मुख्य राउटरच्या मागे दुसरा स्वस्त राउटर जोडून तो पाहुण्यांना देतात. ही फसवी काटकसर होय, कारण मागच्या राउटरवरून पुढच्या जाळ्यात सहज शिरता येते.

पाहुण्यांच्या जाळ्यालाही पासवर्ड असावा, सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ठेवावी. दुकानाचे नाव आणि पुढे १२३, हा पासवर्ड गावातले पोरही ओळखते. हंगाम संपला किंवा नोकर सोडून गेला की पासवर्ड बदलावा. पेढीचा तर आधी. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो आणि तो वर्षानुवर्षे कारखान्यातून आला तसाच राहतो. राउटरमध्ये सोय असल्यास पाहुण्यांच्या वेगावर मर्यादा घालावी, म्हणजे आवकेच्या दिवसांत कोणाच्या चित्रपटापायी ई-वे बिल अडणार नाही.

जोडणी करणारा कारागीर बाहेर पडण्यापूर्वी सेठजींनी आपला मोबाइल पाहुण्यांच्या वाय-फायला जोडून कॅमेऱ्यांच्या पेटीचा पत्ता उघडून पाहावा. चित्र दिसले, तर त्याला परत बसवावे.