सरमेचा प्रश्न

आमच्या कुत्र्याला, बंड्याला, या सदराचे वाचक ओळखतात. मी पुस्तक उघडलं की तो पायाशी येऊन पडतो आणि पान उलटल्याचा आवाज आला की एक कान हलवतो. या आठवड्यात मात्र लिहायचंय ते त्याच्यासारख्याच, पण घर नसलेल्या एका पिल्लाबद्दल.

आमच्या सोसायटीच्या जिन्यात, चपलांच्या स्टँडशेजारी ते झोपलं होतं. एका गृहस्थांनी त्याला काठीने झोडपलं. चप्पल पळवली नव्हती, घाण केली नव्हती, कुणावर गुरगुरलंही नव्हतं. मी विचारलं, का मारलंत? तर म्हणाले, उद्या चावलं असतं म्हणजे?

चावण्याची भीती खरी आहे. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यावर उपाय लशीचा. 2023च्या नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण व्हायला हवं आणि ते महापालिकेकडून करून घेता येतं. काठीने रेबीज थांबत नाही. उलट प्राण्याला असं मारणं 1960च्या कायद्याने गुन्हा आहे.

हे सगळं त्या गृहस्थांना सांगून घरी आलो, तरी राग जाईना. मग आदिपर्व काढलं.

महाभारतातला कुत्रा म्हटलं की सगळ्यांना शेवटचा आठवतो. भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडलेली, इंद्र रथ घेऊन आलेला, आणि कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला युधिष्ठिर तयार नाही. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो. पण आदिपर्वाच्या सुरुवातीलाच, पौष्यपर्वात, आणखी एक कुत्रा आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजय राजाचं यज्ञसत्र चालू असतं. तिथे एक पिल्लू येतं आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे, सरमेकडे जातं. काही आगळीक केली असशील, असं ती म्हणते; त्यावर ते सांगतं, हविर्द्रव्याला तोंड लावलं नाही, त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आधी पोराची उलटतपासणी घेऊन मगच ती यज्ञमंडपात जाते, हे मला फार मोलाचं वाटतं. माझ्या मुलाने काही अपराध केलेला नसताना त्याला का मारलंत, एवढंच ती विचारते. आणि शाप देते, ध्यानीमनी नसताना तुमच्यावर भय कोसळेल. राजा हादरतो. सत्र आटोपून हस्तिनापूरला परतल्यावर या पापाचं निवारण करू शकेल अशा पुरोहिताच्या शोधाला लागतो. ज्याला पुढे वैशंपायनांनी सगळं भारत ऐकवलं, तोच हा जनमेजय.

मला शेवटच्या कुत्र्यापेक्षा हे पिल्लू जवळचं वाटतं. शेवटचा कुत्रा देव होता, युधिष्ठिराची परीक्षा घेण्यात त्याची भूमिका होती. सरमा देवांची कुत्री खरी, पण तिचं पोर मार खात असताना एकही देव धावून आला नाही. त्याची बाजू मांडायला आईच गेली. आणि व्यासांच्या ग्रंथात ती कुणी हसण्यावारी नेली नाही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 साली पूर्ण झाली. प्रक्षिप्त म्हणून कितीतरी मजकूर त्यात मूळ संहितेबाहेर काढला गेला, सरमा राहिली. मुलांसाठीच्या संक्षिप्त महाभारतांत मात्र ती मला सहसा भेटत नाही. गोष्ट थेट शंतनू आणि गंगेपासून सुरू होते. ही काटछाट मला मान्य नाही. जिन्यात झोपलेलं पिल्लू मुलांना रोज दिसतं, शंतनू दिसत नाही.

तेव्हा घरातल्या मुलांना महाभारत सांगायला बसाल, तेव्हा सरमेपासून सुरुवात करा.