बिनकामाचं तिकीट

बाई घराबाहेर पडली की पहिला प्रश्न येतो, "कुठे निघालीस?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "कशाला?" पहिल्याचं उत्तर आपण सहज देतो. दुसऱ्यासाठी मात्र कारण लागतं. दवाखाना, रेशन, मुलाची शाळा, आजारी नणंद, देवीचा नवस, ही सगळी कारणं चालतात. "बघायला चालले" हे चालत नाही. माझं म्हणणं असं की हे उत्तर पुरेसं असायला हवं. आणि ते तसं व्हायचं असेल, तर घरातल्या माणसांची मनं बदलण्याबरोबर बसची वेळापत्रकंही बदलावी लागतील.

आमच्या वसई-विरारच्या बायका घरात बसलेल्या कधीच नव्हत्या. पहाटेच्या लोकलने फुलं, भाजी, केळी घेऊन मुंबई गाठणाऱ्या बायका इथल्याच. मासळीच्या पाट्या घेऊन डब्यात चढणाऱ्या कोळणी इथल्याच. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी खास बायकांची लोकल सुरू झाली आणि १९९३ मध्ये ती विरारपर्यंत आली. तेव्हा नोकरदार बायकांचा किती मोठा लोंढा रोज ये-जा करतो, हे रेल्वेनेही मान्य केलं. पण ही सारी ये-जा कामाची. विक्रीला जा, कचेरीत जा, परत येऊन चुलीपुढे उभी राहा. बायकांना प्रवास नवा नाही. नवा आहे तो हेतूशिवायचा प्रवास.

युरोपात फिरून आलेल्या मैत्रिणी एक गोष्ट हमखास सांगतात. सकाळी दिवसभराचं एक तिकीट काढायचं आणि त्यावर ट्राम, बस, भुयारी रेल्वे काहीही पकडायचं. चुकीच्या थांब्यावर उतरलो तरी बिघडत नाही, पुढची गाडी येतेच. मला त्या वाड्या-चर्चच्या वर्णनापेक्षा हे तिकीट जास्त मोलाचं वाटतं. कारण वाडे-चर्च तर आमच्याकडेही आहेत! वसईचा किल्ला म्हणजे तटबंदीच्या आत वसवलेलं एक युरोपी शहरच. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकेपर्यंत दोनशे वर्षं त्यांच्या उत्तर प्रांताचा कारभार इथून चालला. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा, फ्रान्सिस्कनांच्या चर्चमधल्या फरशीत बसवलेल्या थडग्यांच्या कोरीव शिळा, बंदराकडचा दरवाजा हे सगळं अजून उभं आहे. नालासोपाऱ्याला बौद्ध स्तूप आहे. तो १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी खणून उजेडात आणला. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही याच परिसरात सापडले. निर्मळचं तळं आहे, अर्नाळ्याचा समुद्र आहे, विरारला जीवदानीचा डोंगर आहे.

मागच्या हिवाळ्यात आम्ही अकरा जणींनी ठरवलं की एक दिवस फक्त लोकल आणि बस यांच्या जोरावर हे पाहायचं. खाजगी गाडी नाही, सोबतीला कुणाचा भाऊ-नवरा नाही. आमच्यात एक मावशी होत्या. चाळीस वर्षं भाजी घेऊन दादरला जातात. किल्ल्याच्या तटाबाहेरून हजारदा गेलेल्या, आत पाऊल नाही. त्या म्हणाल्या, "दादरचा एकेक फूटपाथ मला ओळखतो. ह्या दगडांनी मला आज पहिल्यांदा पाह्यलं."

दिवस छान गेला, पण तो सोपा नव्हता. वसई रोड ते विरार लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट पाच रुपये, तेव्हा रेल्वेची अडचण नाही. खरी अडचण स्टेशनच्या बाहेर सुरू होते. दर बसला वेगळं तिकीट. बहुतेक बसमार्ग स्टेशनपासून निघतात आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीसाठी आखलेले असतात. दुपारी एका थांब्यावर आम्ही पाऊण तास उभ्या होतो. शेवटी रिक्षा केली आणि तिथेच दिवसाचा हिशेब कोलमडला. एका ठिकाणी बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. मग काय, बायकांनी पाणीच पिणं बंद केलं. ही युक्ती आपल्यापैकी कुणाला शिकवावी लागत नाही!

या अडचणी नशिबाच्या नव्हेत, आखणीच्या आहेत. बस आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सकाळी निघून संध्याकाळी परतणारा नोकरदार माणूस असतो. बाईचा दिवस तसा सरळ जात नाही. शाळा, बाजार, दवाखाना, माहेर असे छोटे छोटे टप्पे ती जोडत जाते, आणि तेही बहुतेक दुपारी. व्हिएन्ना शहरात १९९१ मध्ये बायकांच्या रोजच्या वाटांवर छायाचित्रांचं एक प्रदर्शन भरलं आणि पुढे तिथल्या पालिकेने पदपथ, दिवे, बागा यांची आखणी बायकांच्या दिवसाकडे पाहून करायला घेतली. त्याच शहराने २०१२ मध्ये वर्षाचा पास ३६५ युरोंना, म्हणजे दिवसाला एक युरो असा केला. स्वच्छतागृहांसाठी तर परदेशी जायलाच नको. 'मिळून साऱ्याजणी' मासिकाने केलेल्या याचिकेवर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहं उभारण्याबाबत निर्देश दिले. मुंबईत 'राइट टू पी' चळवळीने हाच प्रश्न रस्त्यावर आणला.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. आधी पाणी, मग रस्ते, मग बायकांची सुरक्षितता. हिंडण्याफिरण्याचे लाड नंतर. पण दुपारी वेळेवर येणारी बस फिरणाऱ्या बाईसाठी जेवढी, तेवढीच बाळंतिणीला तपासायला नेणाऱ्या सासूसाठी असते. उघडं स्वच्छतागृह भाजीवालीलाही लागतं. आणि सुरक्षिततेचं म्हणाल, तर रिकाम्या थांब्यावर एकटी बाई भेदरते, तिथेच दहा जणी उभ्या असल्या की भीती कमी होते. बायका बाहेर दिसतील तसं बाहेरचं जग त्यांना सरावेल. घरात थांबून ते कधीच सुरक्षित होणार नाही.

१७ मार्च २०२३ पासून राज्यात एस.टी.च्या प्रवासात बायकांना अर्धं तिकीट आहे. दिल्लीत २०१९ पासून आणि कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना सरकारी बसने फुकट प्रवासाची सोय झाली. यावर कुत्सित बोललं गेलं, 'बायका उगाच फिरायला लागल्या.' ही तक्रार मला फार बोलकी वाटते. पुरुष उगाच फिरतो तेव्हा त्याला आपण फिरणं म्हणतो. बाई फिरली की ते 'उगाच' होतं.

म्हणून आपल्या मागण्या साध्या असाव्यात. शहरातल्या सगळ्या बसना चालेल असं दिवसाचं एक तिकीट. दुपारी अकरा ते चारमध्ये ठरलेल्या वेळी फेऱ्या. थांब्यावर वेळापत्रक मराठीत, मोठ्या अक्षरांत. किल्ला, स्तूप, समुद्रकिनारा इथे उघडी, पाणी असलेली स्वच्छतागृहं. महापालिकेच्या निवडणुकीत मत मागायला येतील त्यांच्यापुढे हा कागद ठेवायचा.

आणि मैत्रिणींनो, मागण्या मान्य होईपर्यंत थांबू नका. महिन्यातली एक दुपार ठरवा, जाऊन या. कुणी "कशाला?" विचारलं, तर दवाखान्याचं खोटं सांगू नका. "बघायला" म्हणा, आणि काय पाहिलंत ते आम्हाला लिहून कळवा.