तहान लागण्यापूर्वी

जपानमधील कारिया येथे आयसिन कंपनीच्या एका कारखान्यास 1 फेब्रुवारी 1997 रोजी पहाटे आग लागली. मोटारीच्या ब्रेकमधील तेलाचा दाब आवरणारी एक झडप तेथे तयार होत असे. झडप मुठीत मावेल एवढी आणि गाडीच्या किमतीच्या मानाने तिचे मोल नगण्य. परंतु टोयोटाच्या जवळजवळ प्रत्येक गाडीस ती लागे आणि ती पुरविणारा हा एकच कारखाना होता. ‘लागेल तेव्हा, लागेल तेवढेच’ या ज्या पद्धतीने टोयोटाचे नाव जगभर झाले, त्या पद्धतीच्या शिस्तीनुसार जुळणीच्या कारखान्यांत या झडपांचा साठा अवघ्या काही तासांचा होता. तीन-चार दिवसांतच त्या बलाढ्य उद्योगाच्या जुळणीच्या बहुतेक रांगा थांबल्या आणि सुमारे 70 हजार गाड्यांचे उत्पादन बुडाले.

या प्रसंगावरून ‘कोठारे भरून ठेवावीत’ एवढाच बोध घेण्याकडे आपल्या लोकांचा कल असतो. तो अपुरा आहे असे आम्हांस वाटते. आगीनंतर जे घडले ते अधिक विचार करण्यासारखे आहे. झडपेचे आराखडे तातडीने इतर कारखान्यांना वाटण्यात आले. साठाहून अधिक कारखान्यांनी, ज्यांपैकी अनेकांनी ती वस्तू पूर्वी कधी केलीही नव्हती, हाती असलेल्या यंत्रांवर ती करून दिली. त्यांत शिलाईयंत्रे बनविणारी एक कंपनीही होती. भाव आधी ठरला पाहिजे म्हणून कोणी अडून बसले नाही. आठ-दहा दिवसांत उत्पादन पूर्वपदावर आले. हे सौहार्द काही आगीच्या रात्री निर्माण झालेले नव्हते. वर्षानुवर्षांच्या चोख व्यवहाराची ती फलश्रुती होती.

असा प्रसंग आपल्याकडे ओढवला तर काय होईल? उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मिळ मृदा-धातूंच्या आणि त्यांपासून होणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे निर्बंध घातले. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मोटारीत हे चुंबक असतात आणि जगातील त्यांचे सुमारे नव्वद टक्के उत्पादन एकट्या चीनमध्ये होते. पुढच्या जुलैत पुण्याच्या बजाज ऑटोला आपल्या विजेच्या ‘चेतक’चे उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आणावे लागले. येथे आग नव्हती, पूर नव्हता. परदेशातील एका सरकारी आदेशाने पिंपरी-चिंचवडच्या परिसरात चिंता पसरली. कारखान्याची रांग थांबली म्हणजे कायम कामगाराचा पगार बहुधा चुकत नाही. कंत्राटी कामगारास मात्र ‘उद्या येऊ नका’ एवढाच निरोप मिळतो. सुस्थित वाचकांनी हे ध्यानी घ्यावे.

एकाच झऱ्यावर विसंबू नये, ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडाच्या बांधणीविषयी सांगताना बजावले आहे की, गडावर झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, लढाईच्या दिवसांत तोफांच्या दणक्याने झरे आटतात आणि पाण्याचा खर्चही वाढतो, याकरिता राखीव टाकी बांधून ठेवावीत. तीनशे वर्षांपूर्वीच्या या मुत्सद्द्याला जे उमगले होते ते आजच्या खरेदीखात्यांना उमगू नये, याचे नवल वाटते. नगामागे चार पैसे वाचविणाऱ्या अधिकाऱ्यास बढती मिळते. दुसरा पुरवठादार जिवंत ठेवण्यासाठी तेच चार पैसे खर्च करणाऱ्याची मात्र चौकशी होते!

साठ्यालाही मर्यादा असतात, हेही मान्य केले पाहिजे. 2011 च्या भूकंपानंतर टोयोटाने आपल्या पुरवठादारांना चिपचा दोन ते सहा महिन्यांचा साठा राखावयास लावले. त्यामुळे 2021 च्या आरंभी इतर मोटार कंपन्या चिपच्या तुटवड्याने ठप्प होत असता तिचे काम बरेच दिवस चालू राहिले. तरीही त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिला आपल्या नियोजित उत्पादनात चाळीस टक्के कपात करावी लागली. साठ्याने उसंत मिळते. त्या उसंतीत कोणाचे दार ठोठवावयाचे, हे मात्र आधीच ठाऊक असावे लागते.

आणि ज्याचे दार ठोठवावयाचे त्याचे बिल तरी चुकते केलेले असावे! लघुउद्योगांचे देणे 45 दिवसांत भागविले पाहिजे, असा कायदा 2006 पासून आहे. त्याचे पालन कसे होते, हे भोसरीतील कोणत्याही लहान यंत्रशाळेच्या मालकास विचारून पाहावे. सहा-सहा महिने पैशांसाठी हेलपाटे घालणारा हा मनुष्य मोठ्या कारखान्याच्या संकटकाळी मध्यरात्री आपले यंत्र चालू करील, ही अपेक्षा आम्हांस तरी धारिष्ट्याची वाटते.

प्रत्येक मोठ्या कारखान्याने आपल्या मालातील कोणकोणत्या वस्तू एकाच ठिकाणाहून येतात, आणि त्या ठिकाणास तरी कच्चा माल कोठून मिळतो, याची यादी आजच करावी. तिच्यातील प्रत्येक वस्तूचा आराखडा दुसऱ्या एखाद्या यंत्रशाळेकडे असावा आणि वर्षाकाठी थोडे तरी काम तिला द्यावे. परिसरातील कोणत्या शाळेत कोणते यंत्र आहे, अडचणीत कोण काय करून देऊ शकेल, याची नोंदवही पुण्याच्या मराठा चेंबरसारख्या संस्थेने राखावी. या कामास फार मोठे भांडवल लागणार नाही, सरकारी परवान्याचीही गरज नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी निदान चाकण-भोसरीपुरती तरी ती नोंदवही तयार व्हावी.