एकच साचा, निरनिराळे रंग

गेल्या वर्षी मधल्या सुटीत आठवीतील दोन मुलांचे भांडण मिटविण्याचा प्रसंग माझ्यावर आला. भांडणाचे कारण प्रथमदर्शनी हसू यावे असेच होते. दोघांपाशी एकाच साच्यातून निघालेले दोन खेळण्यातले डायनोसॉर होते. एकाचा, परदेशातील मामाने फार पूर्वी आणलेला, मातकट तपकिरी; दुसऱ्याचा हिरवा, पाठीवर गडद पट्टे असलेला. पोटाखाली कोरलेले नाव तेच आणि सालही तेच. "बाई, यांतला खरा कोणता?" असा त्यांचा सवाल. इतक्यात घंटा झाली. "दोन्ही खोटेच, ठेवा दप्तरात," असे म्हणून मी सुटका करून घेतली. ते उत्तर बरोबर नव्हते, हे मला घरी गेल्यावर उमगले.

या खेळण्यांना रंगाचा सोस पूर्वीपासून होता असे नाही. अमेरिकेतील मार्क्स कंपनीने १९५५ च्या सुमारास काढलेले डायनोसॉर एकरंगी प्लॅस्टिकचे असत. करडे, हिरवे, तपकिरी. लंडनच्या 'ब्रिटिश म्युझियम (नॅचरल हिस्टरी)' या संग्रहालयासाठी इनव्हिक्टा कंपनीने १९७४ पासून जी मालिका काढली, तीही आरंभी एकरंगीच होती. रंगवलेल्या प्रती मागाहून आल्या. पुढे १९८८ साली पिट्सबर्ग येथील कार्नेगी संग्रहालयाच्या नावाने सफारी कंपनीची मालिका निघाली व ती २०१५ पर्यंत चालली. यांतील बहुतेक प्राणी मूळच्या चाळिसाव्या हिश्शाच्या मापाने घडविलेले आणि हाताने रंगविलेले होते. साचा तोच ठेवून रंग मात्र काही वर्षांनी बदलावयाचे, असा क्रम त्यांत कित्येकदा घडला. त्यामुळेच आज एकाच प्राण्याची दोन-दोन, तीन-तीन रूपे संग्राहकांच्या कपाटांत दिसतात.

आता हा फरक दोन प्रकारचा आहे, आणि त्यांची गल्लत होऊ नये असे मला वाटते. एक फरक हाताचा. पाठीवरचा रंग फवाऱ्याने मारता येतो; पण डोळा, दात, नखे येथे बहुधा कुंचलाच लागतो. आमच्या गोव्याकडील चित्रशाळेत चतुर्थीपूर्वी पाट घेऊन गेलेल्या कोणासही हे सांगावयास नको. एकाच साच्यातील दहा गणपती ओळीने मांडलेले असतात, परंतु डोळ्यांची आखणी झाली की प्रत्येकाची मुद्रा वेगळी होते, आणि घरची मंडळी "हाच आमचा" म्हणून बोट दाखवितात. दूरच्या कारखान्यात बसून दिवसभर शेकडो डोळे रंगविणाऱ्या स्त्रीपुरुषांची नावे खेळण्यावर कोणी कोरीत नाही. त्यांची सही म्हणजे हा एवढा तिरपा गेलेला ठिपकाच. अशा खेळण्यास 'चुकीचा माल' म्हणणे मला पटत नाही. आणि तो दुर्मिळ म्हणून त्याची किंमत दसपट सांगणे, हेही पटत नाही. किमतीची चर्चा सुरू झाली की खेळण्याकडे पाहणे बंद होते, असा माझा अनुभव आहे.

दुसरा फरक बुद्धिपुरस्सर केलेल्या रंगबदलाचा. डायनोसॉरचा खरा रंग कधीच कळणार नाही, असे दीर्घकाळ मानले जाई. म्हणून कारागिराने हत्ती-मगरीकडे पाहून करडा-हिरवा रंग दिला. पुढे पक्ष्यांशी त्यांचे नाते स्पष्ट होत गेले तसे रंगही धीट झाले. नंतर २०१० साली चीनमध्ये सापडलेल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या लहान डायनोसॉरच्या पिसांसारख्या तंतूंत सूक्ष्म रंगकोशांचे अवशेष आढळले. त्यांच्या आकारावरून त्याच्या शेपटीवर तांबूस-तपकिरी व पांढरे पट्टे होते, असा निष्कर्ष निघाला. सिटॅकोसॉरस पाठीकडे गडद व पोटाकडे फिकट होता, हे २०१६ साली दाखविण्यात आले. मात्र असा पुरावा मोजक्याच प्राण्यांचा आहे. गुजरातेतील रहिओली येथे सापडलेल्या आणि २००३ साली नामकरण झालेल्या आपल्या राजासॉरसची हाडेच तेवढी हाती आली. त्याला कोणी कोणताही रंग द्यावा, आज तरी कोण हटकणार?

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी कलाशाखेची पदवीधर. तरी २०१५ साली एका रजेवरच्या शिक्षकांच्या जागी मला विज्ञानाच्या वह्या तपासाव्या लागल्या होत्या. एका मुलीने छोटासा डायनोसॉर काढून त्याला तांबूस रंग दिला होता आणि शेपटीवर पांढरे पट्टे ओढले होते. मी त्यावर लाल शाईने फुली मारली व खाली लिहिले, 'कल्पनेने रंगवू नये.' ते संशोधन प्रसिद्ध होऊन तेव्हा पाच वर्षे लोटली होती. तिने ते कोठे वाचले, हे मी विचारलेही नाही. माझ्या डोक्यातला डायनोसॉर लहानपणी दुकानाच्या काचेआड पाहिलेला करडा डायनोसॉर होता, आणि त्याच्या आधारावर मी गुण कापले.

म्हणून संग्रह करणाऱ्या मुलांस माझे सांगणे इतकेच की जुना रंग खरवडून नवा देऊ नका. तपकिरी डायनोसॉर हा तो रंगविणाऱ्या काळाची समजूत सांगतो. ती पुसली तर उरते ते नुसते प्लॅस्टिक. प्रत्येकाजवळ एक चिठ्ठी ठेवा. पोटावरचे साल हे बहुधा साच्याचे असते, रंगाचे नव्हे. तेव्हा तो कोणी दिला, केव्हा व कोठे मिळाला, हे आपल्या हाताने लिहा.

त्या दोघा मुलांना मी दुसऱ्या दिवशी बोलावून हे सारे सांगितले. तपकिरी डायनोसॉरच्या मालकाने मामाला पत्र लिहून साल विचारले आहे. ती मुलगी आता शाळेत नाही. तिची वहीही माझ्यापाशी नाही. हा अंक तिच्या घरी कोणी वाचत असेल, तर ती फुली माझी चूक होती, एवढे तिला कळवावे.