‘आमिलसाहेब’ म्हणणं थांबवू या

कोयनानगरला आपल्या अनेक घरांत झाडफूक करणाऱ्याला ‘आमिलसाहेब’ म्हणतात. मांत्रिक म्हटलं की लोक दचकतात, भोंदू म्हटलं की हसतात. आमिल म्हटलं की उठून खुर्ची देतात. हा मान त्या माणसाने कमावलेला नाही, तो शब्दाने मिळवून दिला आहे. म्हणून आधी शब्दच तपासू.

अरबीत ‘अमल’ म्हणजे काम, ‘आमिल’ म्हणजे काम करणारा. कुराणात सूरह तौबाच्या 60व्या आयतीत जकातीचे हक्कदार सांगताना हा शब्द येतो. तिथे तो जिन्न उतरवणाऱ्यासाठी नाही, जकात गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. मुघल काळात आमिल म्हणजे महसूल अधिकारी. सिंधमध्ये दरबारी नोकरी करणाऱ्या हिंदू समाजालाही हेच नाव पडलं. मराठीतले अंमल, अंमलबजावणी, अंमलदार, मामलेदार हे शब्दही याच धातूचे. सगळीकडे काम आणि त्याचा हिशेब.

मग तावीजवाला आमिल कसा झाला? आयती किंवा अल्लाहची नावं ठरावीक वेळा पढण्याला उर्दूत ‘अमल’ म्हणू लागले, त्या नुस्ख्यांना ‘अमलियात’ आणि ते करणाऱ्याला आमिल. जादूसाठी कुराणात वेगळा शब्द आहे, ‘सिहर’. आणि ती शिकणं नुकसानीचं आहे, असं सूरह बकराच्या 102व्या आयतीत स्पष्ट आहे. आपले आमिल ‘दुश्मनावर अमल’ करायचे पैसे घेतात तेव्हा नाव अमलाचं असतं, धंदा सिहरचा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. नाव एक आणि काम दुसरंच असलेला कोड आम्ही चालू ठेवत नाही, कारण नावावर विसंबणारा फसतो. इथे फसणारी माणसं आहेत. नात्यातल्या एका खालाच्या मुलाला फिट्स येत. ‘असर आहे’ म्हणून त्याच्या गोळ्या बंद झाल्या, मिरचीची धुरी दिली गेली, सात हजार रुपये गेले. शेवटी त्याला कराडला डॉक्टरकडेच न्यावं लागलं.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्याच साताऱ्याचे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं, साप किंवा विंचू चावल्यावर उपचार रोखून गंडादोरा करणं, हे सगळे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, शिवाय दंड.

‘म्हणजे आता दुआही गुन्हा का?’ असं विचारलं जातं. नाही. घरातली, मशिदीतली, दर्ग्यातली प्रार्थना या कायद्याने गुन्हा ठरत नाही. आई फातिहा पढून लेकराला फुंकर घालते, तेव्हा ती फी घेत नाही आणि गोळ्याही बंद करत नाही. प्रत्येक आजाराला इलाज आहे, तो करा, ही तर पैगंबरांचीच शिकवण.

‘बाकीच्यांचे बाबा दिसत नाहीत का?’ हा दुसरा सवाल. दिसतात, आणि कायदा त्यांनाही लागू आहे. पण आपल्या पोराला दिलेल्या धुरीची तक्रार शेजाऱ्याने करावी, अशी वाट का पाहायची?

मशिदीच्या जमातींना माझी विनंती आहे. जुम्याच्या बयानात एकदा तरी या शब्दाचा खरा अर्थ सांगा. घरातल्यांनी आजाऱ्याला आधी दवाखान्यात न्यावं. आणि कुणी उपचार अडवले, धुरी दिली, मारहाण केली, तर पोलीस ठाण्यात जावं. तिथे तक्रार घ्यायला जो बसलेला असतो त्याला ठाणे अंमलदार म्हणतात. शब्द तोच आहे, पण या अंमलदाराला आपण जाब विचारू शकतो.