रिचार्ज सारखाच, मग नेट सारखे का नाही?



नागभीडच्या माणसाला ब्रॉडबँड समजवायला दूर जावे लागत नाही. नागपूरची पूर्वीची छोटी लाईन आणि गोंदिया-बल्लारशाहची मोठी लाईन, दोन्ही आपल्या ओळखीच्या. रूळ रुंद असला की गाडीत जास्त माणसे बसतात. नेटचेही तसेच. टॉवरची क्षमता ठरलेली असते आणि त्या वेळी मोबाईल चालवणाऱ्या सगळ्यांत ती वाटली जाते. म्हणूनच संध्याकाळी व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत राहतो.

आता दराचे बघा. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, कंपन्यांत चुरस लागली आणि डेटा एकदम स्वस्त झाला. पुढे काही कंपन्या बंद पडल्या, काही एकमेकींत मिसळल्या. आज मुख्य उरल्या चारच: जिओ, एअरटेल, व्हीआय आणि सरकारी बीएसएनएल. जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले.

तरी शहरात निवड आहे. एक कंपनी नीट चालली नाही तर नंबर पोर्ट करता येतो. पण जंगलाकाठच्या ज्या गावात एकाच कंपनीची रेंज धड येते, तिथला माणूस पोर्ट करून जाणार कुठे? पैसे नागपूरवाल्याएवढेच, नेट मात्र अर्धेमुर्धे. स्पर्धा कागदावर चौघांची, गावात एकाचेच राज्य!

यावर सरकारी उत्तर म्हणजे भारतनेट. 2011 मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत ग्रामपंचायतीपर्यंत फायबरने 100 एमबीपीएस द्यायचे ठरले. वर्गात हे गणित जरूर घाला: 100 भागिले 50 मुले, उत्तर 2. आणि 2023 पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान वेगही 2 एमबीपीएसच लागतो. म्हणजे ती एक तार शाळेपर्यंत आली आणि पूर्ण वेगाने चालली, तर 50 मुले एकाच वेळी शिकू शकतात.

तोवर शिक्षकांनो, व्हिडिओचा गृहपाठ सक्तीचा करू नका. घरात मोबाईल एकच, आणि तो दिवसभर बाबांसोबत शेतावर. ज्याने व्हिडिओ पाहिला नाही तो आळशी ठरतो. खरे तर त्याचा डेटा संपलेला असतो.

आणि पालकहो, पुढच्या ग्रामसभेत तीनच प्रश्न विचारा. पंचायतीत तार आली का? ती चालू आहे का? शाळेला कधी जोडणार? उत्तर लेखी घ्या.